नंबर एक्केचाळीस

चौथीत माझं अक्षर बरं होतं, एवढ्यावरून
लोटूकाकानं मला कामाला लावलं.
लोको शेडमधून सुटला की हात रॉकेलनं धुवायचा,
मग साबणानं, मग वास घेऊन बघायचा,
आणि तेव्हाच ट्रंक उघडायची.
आत इनासियो बार्रेटो.
म्हणजे तो नव्हे; त्याचं जे जे
भुसावळ जंक्शनला गळून पडलं, ते.

'लिही,' काका म्हणायचा. 'नंबर एक.
बो टाय, काळा. हूक तुटका.'
नंबर चार, नाताळच्या डान्सचं तिकीट, अर्धं.
उरलेलं अर्धं गेटवरच्या माणसाच्या मुठीत गेलं.
नंबर नऊ, सॅक्सोफोनची पत्ती, चिरलेली.
ही मी जिभेला लावून बघितली; टपली बसली.
नंबर सोळा, रिझर्व्हेशनचा चार्ट, डब्यावरून ओला करून सोललेला :
बार्रेटो आय., खालचा बर्थ,
आणि त्याखाली त्याची नऊ माणसं,
वाजवायला बसतात त्या क्रमानं नव्हे,
झोपतात त्या.

बावीस नंबरचा रुमाल.
घाम पुसून तो बाकावर विसरला होता.
काकूनं एका मंगळवारी कपड्यांत धुऊन टाकला,
नीळ घालून.
आठ दिवस काका तिच्याशी बोलला नाही,
तिनंही भरताची वांगी भाजली नाहीत.
नवव्या दिवशी मला म्हणाला, 'बदल कर.
रुमाल. स्वल्पविराम. धुतलेला.'

रेकॉर्ड एकच. ग्रामोफोन नव्हता.
काका ती दिव्याखाली तिरकी धरायचा,
काळ्या रानात तास पाडावेत तशा रेघा,
आणि नखानं, न टेकवता, दाखवायचा :
'अठी दाट हाये ना, तठी सारे एकदम फुकतात.
अठी विरळ. अठी तो एकटा.'
पुढं त्र्याऐंशी साली बोनस आला,
जळगावहून जुना ग्रामोफोन आला,
पण लावू दिली नाही. 'झिजते,' म्हणाला.
काकू त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवायची.

मी कितीतरी वर्षं समजत होतो
की काका आत बसून ऐकायचा.
इन्स्टिट्यूटच्या आत खुर्च्या होत्या साहेबांना, गार्डांना,
मेलच्या ड्रायव्हरांना, त्यांच्या उंच टाचांच्या पोरींना.
फिटरला पाण्याची टाकी. टाकीखाली चिखल,
चिखलात दोन विटा, आणि समोर
डावीकडून तिसरी खिडकी,
झिलमिलीची, मधली एक पट्टी निखळलेली.

शेवटचं लेबल मी लिहिलं होतं, कळलं नव्हतं.
'नंबर एक्केचाळीस. खिडकी.'
'पण कुठंय?'
'तू लिही.'

इन्स्टिट्यूट पाडायला घेतली तेव्हा
काकाला जाऊन बारा वर्षं झाली होती.
वैशाख, पत्रा हाताला चिकटेल असं ऊन.
'सागवान आहे, मास्तर,' कंत्राटदार म्हणाला,
'भंगारच्या भावात नाही जमायचं.'
मी पैसे मोजले. मजुराला म्हटलं, पहार जरा थांबव.
टाकी कधीच गेली होती, विटांच्या जागी एरंड.
फटीला डोळा लावायला
मला गुडघ्यात वाकावं लागलं.
काका माझ्याहून बुटका होता
हे मी विसरूनच गेलो होतो.
आत तिघं जण भिंतीला टेकून शेव-मुरमुरे खात होते.
बराच वेळ बघत राहिलो.
त्यातल्या एकानं शेवटी विचारलं, काय पाहिजे?

खिडकी ट्रंकेत मावत नाही,
हे मला दारातून आत आणतानाच समजायला हवं होतं.
'ह्या धुडाले आता कुठी ठेवशीन?' काकू म्हणाली.
दोन दिवस भिंतीला उभी होती.
तिसऱ्या दिवशी तिनं ती गच्चीवर नेववली,
चार विटांवर आडवी टाकवली,
वर जुनं धोतर अंथरून
सुनेकडून बिबडे घालून घेतले.
मधली पट्टी नाही, तिथं धोतराला झोळ पडतो.
तिथले बिबडे जरा वाकडे होतात,
पण खालून वारं लागतं, म्हणते ती,
आधी तेच वाळतात.